केनियात वाकलेली पास

आर्णीत उतरून कोणालाही सदाशिवराव गावंड्यांचा कारखाना विचारा. रस्ता सांगायच्या आधी माणूस म्हणेल, "सकाळीच जा बरं. दुपारून तिथी ऊन आनि सदाशिवराव, दोघंबी तापतात." खोटं नाही ते. वीज गेली की हा माणूस चिडायचा, आणि आली की 'एवढा वेळ कोठी मेली होती' म्हणून पुन्हा चिडायचा. माहूर रस्त्याला पत्र्याचं एक लांबट शेड, आत दोन वेल्डिंग मशीन, एक भट्टी, चारदोन कामगार, आणि तेवढ्या जोरावर अर्धा तालुका धाकात.

तिथं सायकल डवरा तयार व्हायचा. ज्याच्या दारी बैलजोडी नाही त्यानं एकट्यानं ढकलत कपाशीच्या दोन तासांमधलं, म्हणजे ओळींमधलं, तण काढायचं, ते अवजार. पुढं चाक, मागं दांडा आणि खाली मातीत शिरणारं आडवं पातं. त्या पात्याला आमच्याकडं पास म्हणतात. दांडा मोडला तर बांबू लावता येतो, चाक गेलं तर भंगारात दुसरं मिळतं. पण पास वाकली की डवरा नुसता ओझं. सदाशिवराव प्रत्येक पात्यावर स्वतःच्या हातानं ठसा मारत: भागीरथा, आर्णी. भागीरथा म्हणजे त्यांची बायको. "कारखान्याले बायकोचं नाव? देव सरले का गावातले?" असं कोणीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. "देवानं माह्यासाठी पाटल्या मोडल्या होत्या का? हिनं मोडल्या!"

आणि त्यांचा एक नेम होता. विकलं म्हणजे सुटलं, हे त्यांना मान्यच नव्हतं. मे सरताना रोहिण्या लागल्या की ज्याच्या घरी भागीरथाचा डवरा असेल त्यानं पास घेऊन यायचं. सदाशिवराव ती शेकून, ठोकून, धार लावून द्यायचे, एक पैसा न घेता. नव्या गावातलं गिऱ्हाईक आलं तर आधी त्याच्या शेतात जाऊन डवरा चालवून पाहायचे, मग त्या मातीच्या बेतानं पास वाकवायचे. काळ्या जमिनीची पास वेगळी, मुरमाड बरडाची वेगळी. जिथं एस्टीनं जाऊन दिवे लागायच्या आत घरी येता येत नाही, त्या गावाला डवरा विकायचा नाही, असा साधा हिशोब.

त्यांची मुलगी सुरभी यवतमाळला कॉमर्स शिकून आली होती. बिलं, फोन आणि डवऱ्याचे व्हिडिओ ती पाहायची. तिच्या डोक्यात दोन वर्षांपासून एकच भुंगा होता: आपला माल बाहेर पाठवायचा.

"बाहेर म्हंजे कोठी?"

"आफ्रिकेत, बाबा. तिथं लहान शेतकरी आहेत, बैल नाहीत, तण आपल्यासारखंच. लोक विचारून राह्यले."

"अन् पास पाजवाले कोन जाईन? तुहा बाप रोज सकाळच्या एस्टीनं आफ्रिकेले जाईन का डबा घेऊन?"

भागीरथाबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "राहू दे वं सुरभी. भिताडाले सांगितलं असतं तर त्यानं तरी हुंकार भरला असता."

मार्चचा महिना होता. कपाशीच्या पऱ्हाट्या शेतातून निघालेल्या, बाजार थंड. सुरभीच्या फोनवर परदेशातल्या नंबरावरून एक व्हिडिओ आला. लाल मातीचं उताराचं शेत, डोक्याला फडकं बांधलेल्या पाचसहा बाया, आणि त्यांच्यापुढं जमिनीवर डवरे आडवे टाकलेले. एका थोराड बाईनं त्यातला एक उचलला आणि खालची पास कॅमेऱ्यासमोर धरली. पोळी तव्यावरून उचलताना दुमडते तशी ती दुमडली होती. बाईनं अंगठ्यानं पातं पुसलं, आणि रंग उडालेल्या जागेवर चक्क मराठी अक्षरं दिसली: भागीरथा, आर्णी. मग बाई काहीतरी बोलली. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता, पण ती आरती म्हणत नव्हती एवढं कोणालाही कळलं असतं.

खाली तिच्या भाचीनं इंग्रजीत लिहिलं होतं. आम्ही केनियातल्या एका खेड्यातल्या बाया. गटानं हे डवरे घेतले. गेल्या पावसात पहिल्याच निंदणीला पाती वाकली. दांड्यावरच्या स्टिकरवरच्या कंपनीला फोन केला तर तिनं आमचा नंबर बंद करून टाकला. मातीत घासून घासून रंग गेला तेव्हा खाली ही अक्षरं निघाली. फोनला दाखवली, त्यानं वाचून तुमचा व्हिडिओ काढून दिला, त्यात हा नंबर होता. माझी मावशी कवाता विचारते आहे, तुम्हाला लाज वाटते का?

सदाशिवरावांनी व्हिडिओ पाहिला. परत लावायला सांगितला. भागीरथाबाई पदराला हात पुसत आल्या, फोनमध्ये वाकून पाहिलं. "हे त माह्यं नाव हाये," त्या म्हणाल्या. "मले शिव्या देऊन राह्यली का ते बाई?"

"तुले नाई वं. मले," सदाशिवराव म्हणाले, आणि मग जो त्यांचा आवाज चढला तो समोरच्या पंक्चरवाल्यानं हातातलं काम टाकून ऐकला.

आफ्रिकेला त्यांनी काडी पाठवली नव्हती. मग गेलं कसं? आठवायला वेळ लागला नाही. गेल्या साली यवतमाळच्या पियूषनं एक गाडीभर डवरे उचलले होते. अवजारांचा व्यापारी, वडिलांची सरकारी नोकरी, बोलणं साखरेत घोळलेलं. "काका, वाशीमकडं जाणार आहेत, सगळी काळी जमीन," म्हणाला होता. वाशीमची माती सदाशिवरावांच्या पायाखालची, म्हणून विश्वासानं काळ्या जमिनीच्या बेताची रुंद, पातळ पास लावून दिली. आणि ती पास त्या हरामखोरानं परक्या लाल मातीच्या उतारावर पाठवली होती, वर आपलं स्टिकर डकवून.

सुरभीच्या गाडीवर मागं बसून ते तसेच यवतमाळला गेले. पियूषच्या ऑफिसात गार हवा होती. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि सगळं ऐकून हसला.

"काका, तुम्ही कशाला टेन्शन घेता? माल मी रोखीनं घेतला. मग वाशीमला विकीन नाही तर केनियाला, तो माझा प्रश्न."

"माल तुहा. नाव कोनाचं?"

"नाव तर मी रंगाखाली झाकलं होतं. तुमची बदनामी होऊ नये म्हणूनच ना!"

ऐका! चोर तो चोर, वर शिरजोर. सदाशिवराव उठले. चहा आलेला तसाच, पाण्याचा ग्लासही तसाच. आमच्या भागात माणूस कोणाच्या दारातून पाणी न पिता उठला की समजायचं ते दार संपलं. जिन्यात सुरभी म्हणाली, "बाबा, पोलिसात जाऊ." ते म्हणाले, "पोलीस त्या बाईची पास सरळ करून देनार हायेत का?"

घरी येऊन त्यांनी भट्टी विझवली आणि कामगारांना गोळा करून शपथ घेतली. त्या केनियाच्या बाईचा डवरा जोवर सरळ चालत नाही, तोवर भागीरथाच्या नावाचा एकही डवरा या शेडातून बाहेर जाणार नाही. आर्णीत नाही, कुठंच नाही.

आता बोला! रोहिण्या दोनेक महिन्यांवर आलेल्या. वर्षाची विक्री त्या दीडदोन महिन्यांत होते. कामगारांनी एकमेकांची तोंडं पाहिली. भागीरथाबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या.

"अवो, आर्नीच्या लोकाइनं तुमचं काय घोडं मारलं? पाप केलं त्या पियूषनं, अन् उपास कराचा आमी? मानसं घरी बसवाची, पोरीचं लगन पुढं ढकलाचं, कायच्यासाठी त एक बाई तिकडं बोंबलून राह्यली!"

"ते बाई खोटं बोंबलून राह्यली का?"

"खोटं नाई."

"मंग?"

"मंग काय, मंग! तुमच्या मंगनं माह्या चुलीत जाळ होते का?" त्या तणतणत आत गेल्या. दोन दिवस नवरा-बायकोत फक्त 'वाढा' आणि 'पुरे' एवढंच बोलणं झालं.

नव्या पासा पाठवायच्या, फुकट पाठवायच्या, हे ठरलं. पण कशा बेताच्या? माती पाहिल्याशिवाय हा माणूस पास ठोकतो होय! त्यांनी सुरभीला फर्मावलं, "तिले सांग, दोन ओंजळी माती पाठव म्हना."

सुरभीला वाटलं, बरं झालं, एवढ्यावर भागलं. कवातानं खरंच माती पाठवली, फडक्यात बांधून, वर पुठ्ठ्याच्या डब्यात. आणि ती मुंबईत अडकली. परदेशातली माती परवानगीशिवाय देशात आणता येत नाही, तेव्हा सदर माल नष्ट करण्यात येत आहे, असं कळवलं गेलं.

"नष्ट म्हंजे?" सदाशिवरावांनी विचारलं.

"जाळून टाकतात, बाबा."

"माती जायतात? अबे माती कोन जायते! अफू होती का ते? सोनं होतं का?" त्या दिवशी त्यांनी सरकार, मुंबई, विमानं आणि पुठ्ठ्याचे डबे, कोणालाच सोडलं नाही. शेवटी भागीरथाबाईच म्हणाल्या, "बरं केलं त्याइनं. आपल्या बोंडात ते गुलाबी अळी शिरली, तेबी कोनाच्या तरी मातीतून, सरकीतूनच आली असंन. तुमच्या दोन ओंजळीपायी अजून एखादी आनता का जिल्ह्यात?"

बायको बरोबर बोलली की सदाशिवरावांना जास्त राग यायचा, आणि तो काढायला जागा नसायची.

मग सुरभीनं व्हिडिओ कॉल लावला. तिकडं कवाता शेतात उभी, शेजारी भाची फोन धरून. इकडं शेडात सदाशिवराव स्टुलावर. ते सांगायचे, सुरभी इंग्रजीत करायची, भाची तिकडच्या बोलीत. ढेकूळ उचल. दाब. फुटलं का? टाचेनं रेट. पाणी ओत त्याच्यावर. कवातानं थोडा वेळ सगळं केलं, मग दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि भाचीवर तोफ डागली.

"काय म्हनते?"

सुरभीला हसू आवरेना. "म्हणते, तुझ्या बापाला सांग, शेत माझं आहे, मी जन्मभर त्यात राबते आहे. ढेकळं फोडायला लावण्यापेक्षा मलाच का नाही विचारत?"

आर्णी तालुक्यात सदाशिवरावांना असं बोलायची कोणाची छाती नव्हती. "विचार मंग," ते पुटपुटले.

कवातानं सांगितलं. पाऊस पडून ऊन निघालं की वरचा थर खापरासारखा कडक होतो. खाली मुठीएवढे गोटे. रुंद पातं गोट्यात अडकतं, बाई जोर लावते, आणि पातं दुमडतं. तण मात्र त्या गोट्यांच्या मधूनच उगवतं.

"अबे, हे त झरीकडची जमीन हाये!" सदाशिवराव उठूनच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते जिल्ह्याच्या पार टोकाला, झरी जामणीला निघाले. जंगलाकडेच्या एका पाड्यावर उकंडा नावाचं जुनं गिऱ्हाईक होतं, त्याचं शेत असंच, टेकडीच्या उतारावरचं, बैल घसरेल असं. ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यातून ठोकलेल्या चारपाच तऱ्हेच्या पासा, स्वतःची भट्टी विझलेली म्हणून आदल्या रात्री गावातल्या लोहाराच्या भट्टीवर केलेल्या, त्यांनी सोबत नेल्या होत्या. एप्रिलच्या उन्हात, उकंडानं पाणी मारून सुकू दिलेल्या तुकड्यात, त्यांनी एकेक पास लावून पाहिली. पहिली अडकली. दुसरी गोट्यांवरून उडाली. उकंडा बांधावरून म्हणाला, "सदाभाऊ, पेरनीले अजून वेळ हाये, कायले जीव देऊन राह्यले?" त्यालाही दोन ऐकवल्या. मग अरुंद, जाड, पुढं चोच काढलेली पास लावली, आणि ती गोट्याला बगल देऊन मातीत शिरली. ते त्या तुकड्यात दमून बसेपर्यंत चालत राहिले.

तशा पासा लोहाराकडंच ठोकून झाल्या. पाठवायच्या तर निर्यातीचा नंबर लागतो म्हणे. तो सुरभीनं काढला. बापानं विचारलं, "फुकट द्याले नंबर कायले लागते?" तर म्हणाली, "कायद्याला ते माहीत नसतं, बाबा. डब्यावर किंमत लिहावी लागते, फुकट असलं तरी."

"फुकटाची काय किंमत लिहू? माह्यं डोस्कं?"

शेवटी कुरियरवाल्यानं सांगितलं तसं सुरभीनं डब्यावर इंग्रजीत लिहून दिलं, की या मालाला व्यापारी किंमत नाही. डबा गेला.

ही बातमी पियूषला कुठून लागली कोण जाणे. एका सकाळी गाडी शेडापुढं उभी राहिली. उतरला, हसला, खुर्ची कोणी दिली नाही म्हणून उभाच राहिला.

"काका, राग सोडा. त्या बाया आता तुम्हाला ओळखतात. ऑर्डर निघेल. कागदपत्रं, जहाज, बँक, तुम्हाला झेपायचं नाही. मी करतो. आणि खरं सांगू? मी तो माल पाठवला नसता, तर तुमचं नाव त्या देशात कधी पोचलं असतं का?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच झोंबलं. सुरभीनं बापाकडं पाहिलं. कामगार थांबले.

"पोचलं असतं का नाई, मले मालूम नाई," सदाशिवराव म्हणाले. "पन वाकडं पोचलं नसतं. निघ."

पियूष गेला. पण रोहिण्या अगदी दारात होत्या आणि केनियातून काही खबर नव्हती. गिऱ्हाईकं येऊन परत जात होती. काहींनी दिग्रसहून दुसऱ्याचे डवरे आणले, आणि ते शेडापुढून मुद्दाम ढकलत नेले. भागीरथाबाईंनी दार लावून घेतलं.

मग एकदाचा कवाताचा कॉल आला. डबा तिच्यापुढं होता. उघडलेला, पण पासा आतच. एकही डवऱ्याला लावलेली नाही.

"काहून? कमी पडल्या का? खराब निघाल्या?" सदाशिवराव फोनवरच ओरडले, जणू केनिया शेतापलीकडं आहे.

कवाताही ओरडली. मधल्या दोन पोरींची तारांबळ उडाली. सुरभी ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"बाबा, ती म्हणते, पाती चांगली आहेत, हातात घेतल्याबरोबर कळलं. मग याला किंमत नाही असं डब्यावर कोणी लिहिलं?"

"सांग तिले, ते सरकारी लिहनं हाये. फुकट हाये, घे म्हना, अन् लाव!"

परत तिकडून सरबत्ती. सुरभी या वेळी सावकाश बोलली. "ती म्हणते, फुकट घेणार नाही. भाव सांगा, नाही तर डबा परत पाठवते."

"अवं पन तिनं एकदा पैसे देल्ले ना!"

"ते ती पियूषकडून घेणार आहे, तिकडं तक्रार टाकली आहे. म्हणते, ते भांडण वेगळं. तुमच्याकडून फुकट घेतलं, आणि उद्या हेही वाकलं, तर मी भांडू कशाच्या जोरावर? फुकटच्या मालावर तोंड उघडता येत नाही. मला भांडायचा हक्क पाहिजे. भाव सांगा."

सदाशिवराव कोंडीत सापडले होते, आणि कोंडी त्यांचीच होती. तिनं पास लावल्याशिवाय शपथ सुटत नव्हती, शपथ सुटल्याशिवाय भट्टी पेटत नव्हती. आणि भाव सांगायचा म्हणजे विकायचं; जिथं एस्टी जात नाही तिथं, जन्मात पहिल्यांदा. त्यांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

"सांगा ना आता!" भागीरथाबाई दारातून कडाडल्या. "साऱ्या तालुक्यावर चालते ते जीभ, आता कायले टाळूले चिकटली? ते बाई बरोबर बोलून राह्यली. म्याबी फुकट घेतलं नसतं!"

सदाशिवरावांनी भाव सांगितला. सुरभीनं तो तिकडं पोचवला. आणि कवाता जी कडाडली!

"महाग आहे म्हणते, बाबा."

"महाग?" सदाशिवराव स्टुलावरून उसळले. "ट्रकच्या कमानीचं लोखंड हाये ते! आना म्हना कोनाकडून स्वस्त! झरीच्या उन्हात जीव गेला माह्या! महाग म्हने!"

ती तिकडून, हे इकडून. सुरभीनं आधी प्रत्येक वाक्य इंग्रजीत केलं, मग अर्धं, मग नुसते आकडे. कामगार जवळ येऊन उभे राहिले. भागीरथाबाईंनी दोनदा कवाताची बाजू घेतली. शेवटी दोघं मधल्या एका आकड्याला आले, आणि तोही दोघांनी असा मान्य केला, जणू दुसऱ्यानं लुटलं.

कवातानं तिथंच एक पास काढली, डवऱ्याला लावली, पाना मारला आणि ढकलत निघाली. भाची फोन घेऊन मागं धावत होती, त्यामुळं कधी आभाळ दिसे, कधी लाल माती. दगडांचा एक पट्टा आला. डवरा किंचित वळला आणि पुढं गेला. बाई थांबली नाही.

सदाशिवरावांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "सुरभी, तिले सांग," ते खेकसले, "पास वाकली त शिव्या दे म्हना. बिनधास्त दे. पन मले दे. मधात कोनी नाई पाह्यजे."

मग वळून कामगारांवर ओरडले, "पाहून काय राह्यले बे? भट्टी पेटवा!"